पेवातली गारगोटी

आमच्या सरांना वेळ विचारायची सोय नव्हती. "सर, किती वाजले?" म्हटलं की मनगटाकडे न बघता ते उलट विचारायचे, "कोनाचे? शाळेचे, एसटीचे का दिल्लीचे?" शाळेचं घड्याळ कायम मागे, एसटी तर कोणाच्या बापाचं ऐकायची नाही, आणि दिल्लीचे किती वाजले हे कळायला सरांच्या खोलीत जाऊन रेडिओसमोर बसावं लागायचं. ज्याला खरोखर घाई असायची तो उन्हाकडे बघून आपला अंदाज करायचा आणि चालू पडायचा. मी नवा होतो, म्हणून पहिले काही महिने विचारत राहिलो.

जानेफळहून थोडं आत, गाडीवाटेवर आमचं ते गाव. महाराष्ट्र नवा होता, खेड्यापाड्यांत हायस्कुलं निघत होती, त्यातलंच एक आमचं. मी नांदुऱ्याचा, आगगाडीच्या शिट्ट्यांवर वाढलेला. शाळेत मराठी शिकवायचो, प्रार्थनेला पेटी वाजवायचो आणि वसतिगृहाचा रेक्टरही मीच होतो, म्हणजे पोरांच्या पोटाची काळजी माझ्या डोक्यावर. सर विज्ञानाचे, मूळचे जळगाव जामोदकडचे. वर्गात पुस्तकी मराठी बोलायचे आणि वर्गाबाहेर पाऊल टाकलं की चपला घातल्यासारखी वऱ्हाडी घालायचे. वसतिगृहाच्या ओट्याला लागून दोन खोल्या होत्या, एक त्यांची आणि एक माझी. मधली भिंत मातीची. त्यांचा रेडिओ खरखरायचा आणि इकडे माझी झोप उडायची.

मला राग लवकर येतो. आजही येतो, तेव्हा तर नाकावरच असायचा. पण सरांवर रागावणं म्हणजे स्वतःचीच दमणूक. मी तावातावानं बोलत असायचो आणि हा गृहस्थ मान वाकडी करून रेडिओचं खरखरणं ऐकत असायचा. माझं संपलं की म्हणायचे, "झालं बोलून, मास्तर? मंग चहा घेऊ."

त्यांच्या वर्गात 'अंदाजे' हा शब्द उच्चारायची बंदी होती. एखादं पोरगं बोलून जायचं, "सर, अंदाजे दोन इंच." झालं! "अंदाजे म्हणजे? कितीनं चुकला असशील?" "थोडंसं, सर." "थोडंसं म्हणजे कितीनं?" पोरगं रडकुंडीला यायचं. पोरांनी त्यांचं नावच 'कितीनं सर' पाडलं होतं. ते त्यांना माहीत होतं आणि आवडतही असावं. एकदा जेवताना ते म्हणाले, "गिरजाबाई, भाजीत मीठ जास्त झालं." आमची स्वयंपाकीण गिरजाबाई कोणाचं उधार ठेवणारी नव्हती. तिनं तव्यावरची भाकरी उलटवली आणि म्हणाली, "कितीनं जास्त झालं ते सांगा पयले, मंग बोलू." सर इतके हसले की त्यांना ठसका लागला.

हसून झाल्यावर मला म्हणाले, "बाई बरोबर बोलली. चुकनं काही पाप नाही, मास्तर. कितीनं चुकलो हे माहीत नसनं, ते पाप."

आता त्या रेडिओचं सांगतो. मोठं लाकडी धूड होतं, आणि त्याच्या कपाळावर एक हिरवा काचेचा डोळा. केंद्र नीट लागलं की डोळा मिटायचा, सुटलं की उघडायचा. दुसरे लोक रेडिओवर गाणी ऐकतात, बाजारभाव ऐकतात. सर दिल्लीहून येणारी टिकटिक ऐकायचे. दिल्लीचं एक केंद्र म्हणे दिवसभर नुसती टिकटिक पाठवतं, तीही अशी अचूक की देशातल्या साऱ्या घड्याळांनी तिच्यापुढे मान खाली घालावी. पण सरांना टिकटिकही नको होती. ती ज्या लहरीवर बसून येते, त्या लहरीचा जो एकसारखा कंप, तो त्यांना हवा होता. तसाच कंप त्यांना आपल्या गावात तयार करायचा होता. त्यासाठी त्यांनी लष्कराच्या भंगारातून आलेले दोन स्फटिक कुठूनसे पैदा केले होते, एकाच खड्यातून कापलेले, नखाएवढ्या चकत्या. विजेचा जरासा धक्का दिला की चकती थरथरायला लागते, आणि एका लयीत थरथरत राहते.

"गारगोटीच आहे ही," सर सांगायचे. "नदीत पडलेली असते तीच. फक्त हिले कापून, घासून वळन लावलं. आपल्या पोरांसारखं."

त्या गारगोटीचा कंप आणि दिल्लीचा कंप रेडिओत एकमेकांना भेटायचे. दोघांचा मेळ बसला की हिरवा डोळा थिर राहायचा. उन्नीसबीस फरक पडला की डोळा मिचकावायला लागायचा. फरक जेवढा मोठा, तेवढी मिचकावण्याची घाई. मराठीच्या मास्तरला समजलं ते एवढंच, आणि पुढे जे घडलं त्याला तेवढं पुरलं.

रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता गिरजाबाई चुलीपासून ओरडायची, "काय म्हन्ते, सर, दिल्ली?" आणि खोलीतून उत्तर यायचं, "बरोबर हाय." ते ऐकल्याशिवाय आम्हाला संध्याकाळ झाल्यासारखी वाटायची नाही.

भानगड होती उन्हाची. गारगोटीला ऊन सोसत नाही. जरा तापली की तिची लय बिघडते, आणि आमच्याकडे तर माणसाचीही बिघडते. सरांनी तिला एका पितळी डब्यात घातलं आणि डब्याला ओलं फडकं गुंडाळलं. मग डबा माठाशेजारी ठेवला. मग खाटेखाली पुरला. शेवटी दोरी बांधून गावच्या विहिरीत सोडला. तिसऱ्या दिवशी तो एका बाईच्या बादलीत आला. ती तरातरा वसतिगृहावर आली, डबा ओट्यावर आपटला आणि म्हणाली, "तुमचं लेकरू तुमच्यापाशी सांभाळा, सर. आमच्या पान्यात काऊन बुचकळून राह्यले?" सरांनी तिची माफी मागितली आणि लगेच विचारलं, "वयनी, विहिरीचं पानी सकाळी गार लागते का दुपारी?" बाईनं कपाळावर हात मारून घेतला.

याचं उत्तर त्यांना आमच्या पेवात सापडलं.

वसतिगृहाच्या अंगणात कडुनिंबाखाली ते पेव होतं. जमिनीत खोदलेलं, तोंड एक माणूस उतरेल एवढंच, आत मात्र पोट मोठं. त्यात ज्वारी ओतायची, तोंडावर फरशी ठेवायची आणि शेणामातीनं लिंपून टाकायची. पावसाळ्यातले महिने आम्ही बांबूच्या कणग्यांतल्या दाण्यावर काढायचो आणि दिवाळीनंतर पेव उघडायचो. दाणा कणग्यांत काढून घ्यायचो आणि पुढचं सारं वर्ष त्यावर. ही ज्वारी विकतची नव्हती. माघात खळी झाली की आमची गाडी गावोगाव फिरायची, आणि घरोघरचे लोक पोरांच्या भाकरीसाठी पायली-दोन पायली घालायचे. कोणी सूपभर, कोणी पोतंभर.

आता कोणताही वऱ्हाडी माणूस ज्वारी घेताना काय करतो? एक दाणा उचलतो आणि दाताखाली धरतो. कट्‌ आवाज आला तर वाळलेली, नाही आला तर ओली, परत ने. पण पोरांसाठी आलेल्या दाण्याला दात लावायचा नाही, अशी आमच्याकडची रीत. आमच्या संस्थेचे अध्यक्ष मोठे जमीनदार, दिलदार माणूस, पण या बाबतीत फार कडक. ते म्हणायचे, "कोनी लेकराच्या ताटात वाढलं, तर ते आपन चावून पाहावं का?" माझं काय, मलाही ते पटायचं. त्या वर्षी काही गावांत खळ्यावर अवकाळी पाऊस पडून गेला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. तरी दात कोणी लावला नाही.

भरण्याआधी पेव झाडायला उतरायचं होतं. उतरायचे किसनदादा, हे त्यांचं पिढीजात काम. त्या वर्षी सरही हौसेनं मागोमाग उतरले, आणि बराच वेळ वर येईनात. मी डोकावलो तर आत डोळे मिटून उभे. म्हणाले, "मास्तर, इथं ना उन्हाळा हाय, ना हिवाळा. आपली गारगोटी इथं नांदन."

अध्यक्षांनी परवानगी दिली, पण साशंक होऊन. "जवारीले काही होनार नाही ना?"

"जवारीले काही होत नाही, साहेब," सर म्हणाले. "जवारीनं हिले काही करू नये, म्हंजे झालं."

गारगोटी लावण्याचा तो दिवस मी विसरणं शक्य नाही. डब्यात एक बारका स्क्रू होता. तो केसभर फिरवला की गारगोटीची लय केसभर बदलायची. लोखंडी पेचकस जवळ नेला तरी लय ढळायची, म्हणून सरांनी बांबूची कामटी घासून घासून पेचकसासारखी केली होती. ते पेवात, मी त्यांच्या खोलीत रेडिओसमोर. खोलीतून पेवापर्यंत आवाज जाईना, म्हणून दारात गिरजाबाई आणि पेवाच्या तोंडाशी किसनदादा. डब्याची तार पोकळ बांबूतून वर काढून खिडकीतून आत घेतली होती. मी डोळा पाहून ओरडायचो, "मिचकावतो!" गिरजाबाई ओरडायची, "मिचकावते होऽऽ!" किसनदादा पेवात तोंड घालून तेच. आतून आवाज यायचा, "जलदी का हळू?" तो त्याच वाटेनं माझ्यापर्यंत. रस्त्यानं जाणारे लोक थांबून बघायला लागले. एक म्हातारा विचारत होता, "कोन पडलं बापा आत?"

हळूहळू डोळ्याची घाई ओसरली. मिटला की बराच वेळ मिटून राहायला लागला. शेवटी तो जो मिटला, तो उघडेचना. मी ओरडायचंच विसरलो. गिरजाबाई आत डोकावली आणि तिथूनच गरजली, "झोपला हो सर, तुमचा डोळा!"

सर वर आले ते नखशिखांत मातीनं माखलेले. रेडिओसमोर येऊन बसले. डोळा थिर. दिल्ली आणि आमचं पेव एका लयीत चाललं होतं. समोर आणून ठेवलेली भाकरी गार झाली तरी बसून राहिले. त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला, हे मी आता मोकळेपणानं सांगतो. तेव्हा मात्र म्हणालो, "जेवा आता, नाहीतर मीठ कमी पडलं म्हणाल."

होळीनंतर पेव भरलं. ज्वारी ओतल्यावर डोळा काही दिवस चळला, मग पुन्हा जागेवर आला. तेवढं सरांनी धरलंच होतं. "आता दिवाळीपर्यंत हिले हात लावायचा नाही," त्यांनी जाहीर केलं. "हात न लावता दिल्लीसंग राहिली पायजे."

"पन काऊन?" गिरजाबाईनं विचारलं.

"या गावात एक तरी गोष्ट बरोबर असावी ना, बाई."

"म्हंजे माह्या भाकरी चुकून राह्यल्या का?"

वैशाखात शाळेला सुट्टी लागली. पोरं घरी गेली. मी एरवी नांदुऱ्याला पळायचो, पण वसतिगृहाची कौलं चाळायचं काम काढलं होतं, म्हणून थांबलो. गिरजाबाई गावातलीच, आमच्या दोघांपुरतं रांधायला यायची. आणि एका संध्याकाळी तिनं नेहमीसारखं विचारलं, "काय म्हन्ते दिल्ली?" तर उत्तरच आलं नाही. थोड्या वेळानं सर दारात आले. चेहरा असा, जणू कोणी चारचौघांत अपमान केलाय.

"दिल्ली चुकून राह्यली," ते म्हणाले.

डोळा मिचकावत होता. दुसऱ्या दिवशी जास्त. तिसऱ्या दिवशी त्याहून जास्त. मी म्हटलं, "अहो सर, दिल्ली कशी चुकेल? तुमचीच गारगोटी सरकली असेल." तर माझ्यावर उखडले. "माही गारगोटी? पेवात? तिथं तिले सरकाले कारनच काय?" आणि त्यांनी इंग्रजीत कार्ड लिहून दिल्लीला धाडलं. आपला कंप काही दिवसांपासून ढळत आहे, इतक्यानं ढळत आहे, कृपया तपासून पाहावे. खाली लफ्फेदार सही. जानेफळच्या आतलं गाव दिल्लीला फर्मावत होतं! मला हसू आवरेना. गिरजाबाई म्हणाली, "दिल्लीवाले येतीन आता घोडे घेऊन."

पण पुढच्या सकाळी सर माझ्या खोलीत आले आणि खाटेवर बसले. रागाचा मागमूस नव्हता. त्यांनी आपली दुसरी गारगोटी, पेवातलीची जुळी बहीण, पहाटेच्या गारव्यात दिल्लीशी लावून पाहिली होती. ती नेहमीसारखीच बरोबर आली.

"दिल्ली बरोबर हाय, मास्तर," ते म्हणाले. "खाली काही तरी होऊन राह्यलं."

तोवर डोळ्याला मिचकावणं झेपेनासं झालं होतं. तो नुसता थरथरायचा, आणि रेडिओतून एक खोल घुमणारा सूर यायला लागला होता. सरांनी मला पेटी आणायला सांगितली. मग त्यांनी जुळी गारगोटी तिच्या डब्यात बंद करून गरम पाण्याच्या गंगाळात धरली, आणि पाण्यात ताप मोजायची नळी ठेवली, पोरांसाठी ठेवलेली. पाणी जसं तापत जावं तसा जुळीचाही सूर चढायला लागला. "तुमचा कान लागते आता," ते म्हणाले. "खालचीचा सूर आनि हिचा सूर एक झाला की सांगा. एका खड्याच्या दोघी, सारख्याच तापल्या तं सारख्याच गातीन." मी पेटीवर खालचीचा सूर धरून ठेवला आणि जुळीचा ऐकत राहिलो. गिरजाबाई थोडं थोडं कढत पाणी घालत होती. एका ठिकाणी दोन्ही सूर असे मिळाले की वेगळे काढता येईनात. "झाला!" मी म्हटलं.

सरांनी नळी बाहेर काढून उजेडाकडे धरली. एकशे सात.

"पेवाले ताप हाय," ते म्हणाले.

गिरजाबाईनं हातातला तांब्या खाली ठेवला. तिला गारगोटी समजत नव्हती, पण ज्वारी समजत होती. "ओली जवारी पोटात गेली, सर," ती म्हणाली. "ते आतून जळून राह्यली."

ती ज्वारी गेली तर दिवाळीनंतर वसतिगृह बंद. पोरं आपापल्या वस्त्यांवर परत जाणार, आणि एकदा ढोरांमागे गेलेलं पोरगं पुन्हा पाटीकडे येत नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं होतं. मी तडक म्हटलं, "चला अध्यक्षांकडे."

अध्यक्ष सोप्यात बसले होते. ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मास्तर, वैशाख हाय. गरम होनार नाही तं काय थंड होईन?"

"साहेब, पेवात वैशाख जात नाही," सर म्हणाले. "म्हून तं तिथं ठेवली."

"आनि हे तुमाले कोनं सांगतलं? रेडिओच्या डोयानं?" अध्यक्षांचा आवाज चढला. "तुमी काय मागून राह्यले ते समजते का तुमाले? लोकाईनं लेकरांसाठी दाना देल्ला. आज मी पेव फोडलं तं साऱ्या परगन्यात बोभाटा होईन, का याहिनं आमच्या दान्यावर संशय घेतला. दाना चांगला निघाला, तं पुढच्या माघात तुमच्या गाडीत कोन सूपभर जवारी टाकन? मंग वसतिगृह कायच्यावर चालवता?"

खोटं नव्हतं त्यांचं. उघडावं तरी पोरं उपाशी, न उघडावं तरी पोरं उपाशी. मी सरांकडे पाहिलं. हळूच म्हटलं, "सर, उघडलं तर तुमची गारगोटीही गेली. दिवाळीपर्यंत हात लावायचा नव्हता ना?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काहीतरी अचरट बोललोय. "गारगोटी पोराईले खायची हाय का, मास्तर?"

मग अध्यक्षांकडे वळून म्हणाले, "साहेब, लोकाईले सांगा, का माहा डबा बिघडला, म्हून पेव फोडलं. संशय जवारीवर नाही, डब्यावर. दाना चांगला निघाला तं सारं गाव मले हसन. जवारीले कोनी हसनार नाही."

गावात एक तरी गोष्ट बरोबर असावी म्हणून ज्या माणसानं त्या डब्यासाठी जिवाचं रान केलं, तो तोच डबा चुकीचा म्हणून पुढे करत होता. अध्यक्षांनी सरांना एकदा न्याहाळलं. मग उठले आणि पागोटं डोक्यावर ठेवलं. "किसनले बोलवा," म्हणाले.

किसनदादांनी लिंपण फोडलं, फरशी सरकवली. आतून कोमट वाफ तोंडावर आली. सर पुढे झाले तशी मी मागून त्यांचा सदरा धरला. बंद पेवातली हवा जीव घेते, लहान पोरालाही ठाऊक असतं आमच्याकडे. किसनदादांनी कंदील सोडला, तो विझला. मग निंबाची डहाळी दोरीला बांधून खालवर खालवर करत हवा बाहेर काढत बसले. निम्मं गाव जमलं. पुन्हा कंदील सोडला, तो जळत राहिला. तेव्हा कंबरेला दोर बांधून ते आत उतरले आणि वरच्या थरातली ओंजळभर ज्वारी वर दिली.

मोत्यासारखी ज्वारी! अध्यक्षांनी आयुष्यात पहिल्यांदा पोरांच्या दाण्याला दात लावला. कट्‌ असा आवाज आला, मलाही ऐकू आला. मागून कोणीतरी हसलं. "डबा बिघडला बापा सराचा!" सर पेवाच्या तोंडाशी वाकले.

"किसनदादा," ते म्हणाले, "अजून खाली. डब्याजवळ."

आत घमेल्यांचा आवाज येत राहिला. मग तो थांबला. मग आतून किसनदादा ओरडले, "अरे बापा! हात पोळते इथं!"

वर आला तो ज्वारीचा गोळाच होता, काळपट, आंबूस वासाचा. अध्यक्षांनी तो तळहातावर घेतला आणि लगेच खाली टाकून दिला. कोणी हसलं नाही. गिरजाबाईनं पदर तोंडाला लावला आणि ती रडायला लागली. मीही रडलो, लपवण्यासारखं काय आहे त्यात.

पण बुरशी डब्याभोवतीच्या थरातच होती, सगळीकडे पोचलेली नव्हती. आणखी काही आठवडे गेले असते तर सगळंच गेलं असतं. त्या दिवशी गाव लोटलं. सतरंज्या, तट्टे, घोंगड्या, लुगडी, जे मिळालं ते शाळेच्या पटांगणात अंथरलं आणि ज्वारी वैशाखाच्या उन्हात पसरली. ज्या उन्हाला सर वर्षभर शिव्या घालत होते, त्यानं चार दिवसांत सगळी ज्वारी वाळवून दिली. काळी पडलेली तेवढी फेकली, बाकीची वर्गात कणग्या लावून भरली. जून आला, पोरं आली. दिवाळी झाली, पोरं राहिली.

ज्वारी पसरताना काही लोक ती ओली ज्वारी कोणाची, हे शोधायला लागले होते. अमक्या गावची असावी, तमक्याच्या खळ्यावर पाऊस पडला होता. सर ताडकन म्हणाले, "पेवात पडली का ते पोराईची झाली. तिले दुसरं नाव नाही." एवढ्या मोठ्यानं बोललेले मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं. कुजबुज थांबली, ती कायमची.

डबा त्यांनी धुतला, पुसला आणि फळीवर ठेवून दिला. दिल्लीला दुसरं कार्ड धाडलं. मला वाचून दाखवलं होतं. 'आपला कंप बरोबर होता. चूक माझी. आमच्या ज्वारीला ताप आला होता. तसदीबद्दल माफी असावी.' कितीनं चुकलो, तेही लिहिलं होतं. मी म्हटलं, "सर, दिल्लीवाले तुम्हाला वेड्यात काढतील." ते म्हणाले, "काढू द्या. हिशेब तं पुरा झाला."

पुढच्या माघात गाडी फिरायच्या आधीच लोक आपण होऊन पेवापाशी आले. ओळीत पहिली एक म्हातारी होती, पदरात शेर-दोन शेर ज्वारी. तिनं अध्यक्षांसमोर पदर सोडला, त्यातला एक दाणा उचलून स्वतःच्या उरल्यासुरल्या दातांखाली धरला आणि कट्‌ करून फोडून दाखवला. मग दुसरा दाणा सरांच्या पुढे केला. "घ्या, तुमी बी पाहा." तिच्यामागच्यानं तेच केलं, आणि त्याच्यामागच्यानंही. ती रीत तिथं पडली ती पडलीच. पेवात ज्वारी ओतायची वेळ आली तेव्हा अध्यक्षांनी हात आडवा धरला. "थांबा! सरांचा डबा पयले."

त्याच सुमाराला टपालवाला आला. दिल्लीचं कार्ड होतं, सरांच्या नावाचं. इतक्या महिन्यांनी! त्यावर इंग्रजीत दोनच ओळी. सर पेवात उतरलेले, म्हणून मी ते वरून वाचलं आणि सगळ्यांना मराठीत सांगितलं. आपली दोन्ही कार्डं मिळाली. आपली ज्वारी आता कशी आहे?

पेवातलं खुडबुडणं थांबलं. किसनदादा वाकून बघायला लागले. "सर? बरे हा ना?" आतून सरांचा आवाज आला, "पुन्हा वाचा, मास्तर." मी पुन्हा वाचलं.

गिरजाबाई कंबरेवर हात ठेवून म्हणाली, "मोठा भला मानूस दिसते हो. लिहा त्याले, भाकर खाऊन जा म्हना एकडाव."

सरांनी तसं लिहिलं. एसटीची वेळही कळवली, आणि ती वेळेवर येत नाही हेही. दिल्लीहून कोणी आलं नाही. पण त्या दिवसापासून मी ते गाव सोडेपर्यंत, रोज संध्याकाळी भाकरी थापताना गिरजाबाई चुलीपासून विचारायची, "काय म्हन्ते, सर, दिल्ली?"

आणि भिंतीपलीकडून उत्तर यायचं, "जवारी कशी हाय म्हून इचारते."

"बरी हाय म्हना," ती म्हणायची, आणि पोरांची पहिली भाकरी तव्यावर टाकायची.